बीजगणिताच्या सरांना उघड पत्र

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

रात्रशाळेतला तुमचा मागच्या बाकावरचा विद्यार्थी लिहितोय. निवृत्तीनंतर तुम्ही गावी गेलात, पत्ता कोणाकडेच नाही, म्हणून हे असं चारचौघांत आभार मानणं.

दिवसभर गोदामात माल उचलून आलेल्या पोरांकडून तुम्ही वर्गसमीकरणाचं सूत्र नुसतं घोकून घेतलं असतंत, तरी कुणाची तक्रार नव्हती. परीक्षेपुरतं भागलंही असतं. पण कुणीतरी विचारलं, "ब² − ४अक यातला ४ आला कुठून?" आणि तुम्ही पुस्तक मिटलंत.

फळ्यावर लिहिलंत : ३क्ष² + ७क्ष = ६. पुस्तकातल्या रीतीने आधी ३ ने भागायचं, मग सात षष्ठांशाचा वर्ग. तिथेच अर्धा वर्ग गळायचा. तुम्ही भागलंच नाहीत. उलट ४ × ३, म्हणजे १२ ने दोन्ही बाजू गुणल्यात : ३६क्ष² + ८४क्ष = ७२. दोन्हीकडे ७ चा वर्ग मिळवलात. डावीकडे अख्खा (६क्ष + ७)² आणि उजवीकडे १२१, तोच विवेचक, म्हणजे ब² − ४अक! मग ६क्ष + ७ म्हणजे ११ किंवा −११, आणि क्ष म्हणजे २/३ किंवा −३. अपूर्णांक भेटला तो थेट उत्तरात. आकड्यांच्या जागी अक्षरं ठेवून सूत्र आम्हीच काढलं.

ही युक्ती जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची, हेही तुम्ही सांगितलंत. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त हा नियम त्यांच्या नावानिशी दिला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. (भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे म्हटल्यावर आमच्यातला चाळीसगावचा गडी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होता.)

पण खरी मजा भास्कराचार्यांच्या वानरांच्या गणिताची. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. तर एकूण किती? उत्तरं दोन, ५० आणि ५. पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ वानरं काढणार कशी? म्हणून भास्कराचार्यांनी ५ नाकारले. समीकरणात बसलेलं प्रत्येक उत्तर गोष्टीत बसतंच असं नाही, हे तेव्हा कळलं. मला विचाराल तर सूत्राहून हे मोठं.

शेवटच्या तासाला तुम्ही भास्कराचार्यांच्याच 'लीलावती'तल्या भुंग्यांचं गणित घरी दिलंत : थव्याच्या निम्म्याच्या वर्गमुळाइतके भुंगे उडून गेले, मग थव्याचे आठ नवमांश गेले, दोन उरले, तर एकूण किती? आणि उत्तर विचारायचं राहून गेलं. ७२ भुंगे, सर. दुसरं उत्तर साडेचार आलं; ते सोडून दिलं.

आपला,
मागच्या बाकावरचा