चुकीच्या मापाचा डेक-बेल्ट आणि नाकारलेली वॉरंटी : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ४२ इंची रायडिंग मॉवरचा डेक-बेल्ट वारंवार उतरणे, बदली बेल्ट चुकीच्या मापाचा देणे व वॉरंटी नाकारणे याबाबत.

महोदय,

आमच्या शिक्षण संस्थेच्या क्रीडांगणासाठी आपल्या कंपनीचा मॉवर (बसून चालवायचे गवत कापणी यंत्र) घेतला आहे. लिव्हर ओढून पाती सुरू केली की थोड्याच वेळात त्याचा डेक-बेल्ट (खालच्या डेकमधली पाती फिरवणारा पट्टा) पुलीवरून उतरतो, नाहीतर पलटी खातो. आपल्या सेवा केंद्राने ‘ओले गवत कापल्यामुळे बेल्ट जळाला, बेल्ट वॉरंटीत येत नाही’ असा शेरा मारून दावा फेटाळला. यंत्राच्या मीटरवर अवघे ६२ तास आहेत. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर कोरडे गवत आणायचे कुठून, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी शेरा टिकत नाही. बेल्ट जळालेलाच नाही.

पाती गच्च अडकली आणि इंजिनाची पुली फिरत राहिली, तर बेल्ट एकाच जागी घासून तेवढाच भाग करपतो. ओलाव्याने घसरत राहिला तर दोन्ही कडा सारख्याच चकचकीत होतात. आमच्या बेल्टची एकच कड पूर्ण लांबीभर खाल्ली गेली आहे आणि आतले दोरे बाहेर आले आहेत. समोरची कड जवळपास नवी आहे. पुली तिरकी बसली तरच असे होते.

तिरकेपणा कुठे आहे तेही तपासले. डेक कापणीच्या उंचीवर ठेवून दोन्ही स्पिंडल (पात्यांच्या आसांच्या) पुलींवर सरळ पट्टी धरली. त्या एका पातळीत आहेत. स्पिंडलच्या बेअरिंगला खेळ नाही, आवाज नाही. दोष बेल्टला ताण देणाऱ्या आयडलरच्या (मोकळ्या फिरणाऱ्या पुलीच्या) आर्ममध्ये आहे. शिवाजी उद्यमनगरात एका टर्नरकडे आर्म मोजून घेतला : पिन १२ मि.मी.ची आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, आतून १२.८ मि.मी. झालेला. बुशची लांबी फक्त २० मि.मी. असल्याने एवढ्या खेळावर आर्म दोन अंशांहून जास्त झुकतो, आणि १०० मि.मी. व्यासाच्या पुलीची एक कड दुसरीपेक्षा ४ मि.मी. खाली जाते. व्ही-बेल्ट साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकेपणा सोसतो. सपाट आयडलर असा झुकला की बेल्ट एका अंगाला ओढला जातो, पुढच्या पुलीच्या खाचेत वाकडा शिरतो, एकीकडे घासत घासत कडेवर चढतो आणि शेवटी उलटतो. बेल्टच्या कव्हरखाली आयडलरपाशीच रबराची काळी भुकटी साचली आहे, बाकी डेकवर ती नाही. बुश इतक्या लवकर झिजण्याचे कारणही उघड आहे : या आर्मला ग्रीस भरायचा निपलच दिलेला नाही. धूळ आणि गवताचा चोथा आत जातो, ग्रीस मात्र जाऊ शकत नाही.

आता आपण पाठवलेल्या बदली बेल्टविषयी. आपल्या पुस्तिकेत बेल्टची लांबी ९७ इंच, बाहेरून मोजलेली, अशी स्पष्ट छापली आहे. आला तो ‘ए ९७’ असा छाप असलेला साधा औद्योगिक बेल्ट. ए सेक्शनच्या (‘ए’ हे बेल्टच्या रुंदी-जाडीचे माप) बेल्टवरचा आकडा आतल्या लांबीचा असतो. बाहेरची लांबी त्याहून सुमारे ५० मि.मी., म्हणजे दोन इंच जास्त भरते. टेप लावली तर बाहेरून ९९ इंच. ही ढील खायला आयडलरला निदान २५ मि.मी. जास्त सरकावे लागते. तेवढी जागा नसल्याने आर्म थेट स्टॉपरला टेकतो, स्प्रिंगचे वेढे मिटतात आणि बेल्टवर ताणच राहत नाही. असा बेल्ट नवा असतानाही घसरणारच. सुट्या भागांच्या विभागाने पुस्तिकेतला आकडा आणि बेल्टवरचा आकडा जुळवला आणि काम संपले असे मानले, असे दिसते.

मग यावर ‘ए ९५’ चालेल का? माप जुळेल, काम होणार नाही. डेक-बेल्टला पाठीवरूनही वाकावे लागते आणि लिव्हर ओढताना दर वेळी क्षणभर घसरत पकड घ्यावी लागते. म्हणून त्यात ॲरामिडचे (सहसा न ताणणाऱ्या मजबूत तंतूचे) दोरे आणि बाहेरून कापडी वेष्टण लागते. साधा पॉलिएस्टर दोऱ्यांचा बेल्ट ताणतो आणि लवकरच पुन्हा ढिला पडतो.

आपल्या तंत्रज्ञाने घसरण थांबवायला बेल्टला राळ लावा, असे सांगितले. पिठाच्या गिरणीच्या सपाट पट्ट्याला ते शोभते. इथे राळेला गवताची धूळ चिकटून बेल्ट घासणारा थर बनतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लिव्हर सोडल्यावर बेल्ट पुलीला धरून राहतो. पाती पाच सेकंदांत थांबली पाहिजेत, हे आपल्याच पुस्तिकेत आहे. मुले खेळतात त्या मैदानावर हा सल्ला आम्ही पाळणार नाही, आणि तो इतर ग्राहकांनाही देऊ नये.

आमची मागणी अशी. आयडलर आर्म, पिन, बुश आणि स्प्रिंग असा पूर्ण संच, शक्यतो ग्रीस निपलसह, वॉरंटीत बदलून मिळावा. बाहेरून ९७ इंच, ॲरामिड दोऱ्यांचा मूळ बेल्ट मिळावा. तो बसवताना तंत्रज्ञाने स्पार्क प्लगची वायर काढून, डेक खाली सोडून, बेल्ट अडवणारे गज बेल्टपासून २ ते ३ मि.मी. अंतरावर आहेत याची आमच्यासमोर खात्री करावी; आपल्या माणसाने मागे बेल्ट चढवताना त्यातला एक वाकवून ठेवला आहे. बदललेल्या भागांची वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून धरावी आणि ‘ओले गवत’ हा शेरा नोंदीतून काढावा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. झिजलेला बेल्ट, आर्म आणि टर्नरने दिलेली मापे जपून ठेवली आहेत. आपला अभियंता येऊन पाहू शकतो. आर्मशिवाय नुसता आणखी एक बेल्ट कुरिअरने पाठवू नये, तो स्वीकारला जाणार नाही.

आपले,
क्रीडांगण देखभाल विभाग,
कोल्हापूर

सोबत : खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, सेवा केंद्राच्या शेऱ्याची प्रत, बेल्टच्या दोन्ही कडांची छायाचित्रे.