वासंतीस पत्र

ठाणे,
ऑक्टोबर 2025

प्रिय वासंती,

शालोम, आणि दसऱ्याच्या उशिरानेच शुभेच्छा. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या तिकडच्या मंडळाच्या गणपतीत पोरं फोनमध्ये डोकं खुपसून बसतात म्हणून तू वैतागलीस, आणि वर मलाच विचारतेस, "तुम्ही एवढे मूठभर, दोन हजार वर्षं कसं काय टिकवलंत?" बाई गं, दोन हजार वर्षांचं मला विचारू नकोस. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात बायका नि सात पुरुष वाचले, ही आम्हा बेने इस्रायलींमधली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंमधली, ऐकीव कथा. कागदपत्र काही नाही. अलिबागच्या आमच्या इस्रायल आळीचं मात्र सांगू शकते.

आमचे जुने लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं, हे तू शाळेत असताना माझ्या आजीकडून ऐकलं आहेस. त्या काळी रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हता, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या नव्हत्या, हिब्रू बहुतेक विसरलेली. हाताशी राहिलं ते सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे नियम, काही सण-उपास आणि प्रत्येक प्रसंगाला म्हणायची शेमाची प्रार्थना. पण शनिवारी तेल मिळायचं नाही, हे अख्ख्या गावाला पाठ होतं. एखाद्याने मोहाला पडून घाणा सुरू केला असता, तर पहिला प्रश्न गिऱ्हाइकानेच विचारला असता! माझं मत विचारशील तर शब्बाथ निम्मा आम्ही पाळला आणि निम्मा गावाने आमच्याकडून पाळून घेतला.

तुझ्या आईचंच बघ ना. चैत्रातलं हळदीकुंकू नेमकं आमच्या पेसाहच्या सणात, खमीर वर्ज्य असण्याच्या आठवड्यात आलं, की माझ्या आईच्या बशीत करंजी नसायची. कलिंगडाची फोड आणि पन्हं. "तुमचं पीठ बंद असेल ना अजून?" एवढंच काकू विचारायच्या. आई कुंकू लावून घ्यायची नाही, त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही. हातात हिरव्या बांगड्या नि गळ्यात मंगळसूत्र असायचं, त्यामुळे नव्या पाहुणीचा मात्र गोंधळ व्हायचा.

हे सण एकमेकांत अडकतात त्याला कारण आहे. आमचे महिनेही चंद्रावर चालतात आणि ऋतू चुकू नयेत म्हणून आम्हीही अधिक महिना घालतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून आमचा पुरीमचा सण होळीच्या आसपास, रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, पुष्कळदा घटस्थापनेला लागून. यंदा तर किप्पुर, म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा उपास, आणि दसरा एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला! आम्ही पांढऱ्या कपड्यांत, पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर सकाळपासून ताशा. खरं सांगू, दुपारी डोकं ठणकत होतं आणि ताशेवाल्यांना मी मनातल्या मनात बरंच काही बोलले. नेमकं किप्पुरला! संध्याकाळी शोफर, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजला, उपास सुटला, घरी येते तो शेजारचे जोशी आजोबा आपट्याची पानं घेऊन जिन्यात बसलेले. "तुमचं सुटल्याशिवाय वर कसं येणार?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले.

पण असे आजोबा आता किती? आमच्या मोठ्या सोसायटीत बहुतेकांना वाटतं, ज्यू म्हणजे ख्रिश्चनांचाच एखादा पंथ. कुठल्याशा कार्यालयात धर्माच्या रकान्यात माझ्यापुढे 'इतर' लिहून मोकळे झाले होते. महाराष्ट्राने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 मध्ये. देशभरात आम्ही पाच हजारही नाही. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि शनिवारी सकाळी आठ जणांवर गाडी अडली की फोनाफोनी सुरू.

इस्रायलमध्ये दिमोनाला गेलेल्या माझ्या काकांची गोष्ट उलटी. तिकडे सगळेच ज्यू. पण साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी आज्यापणज्यांची चौकशी लावली. आमच्या लोकांनी धरणं धरलं, 1964 मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं. काका म्हणायचे, "अलिबागेत मी ज्यू आहे की नाही, हे कोळणीलाही माहीत होतं." आता त्यांची नातवंडं हिब्रू बोलतात आणि घरी मलिदा करतात.

मलिदा तू खाल्ला आहेस, पण मांडताना पाहिला नसशील. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, भोवती फळं आणि बाजूला सब्जाची डहाळी. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन हिब्रूत गायचं, मग एकेक आशीर्वाद. खजुराला झाडाच्या फळाचा. केळ्याला मात्र जमिनीच्या पिकाचा, कारण केळ म्हणजे शास्त्राने झाड नव्हे! पोह्यांचा आणखी वेगळा, सुगंधाचा वेगळा. लहानपणी मी केळं आधी उचललं की आजी हातावर चापट मारायची. हे पोह्यांचं ताट दुसऱ्या कुठल्या देशातले ज्यू करत नाहीत; अस्सल कोकणातलं आहे.

तुझ्या पोरांचं म्हणशील तर मला एकच खटकतं. तुमचा गणपती सुट्टी बघून भाड्याच्या हॉलमध्ये बसतो, सगळी आपलीच माणसं. शेजारच्या घराला त्याचा पत्ता असतो का? एकदा तो घरात बसव, दार उघडं ठेव आणि समोरच्या बाईला जेवायला बोलव. ती पुढच्या वर्षी "कधी आहे?" विचारायला आली, तर पोरांना फोन खाली ठेवावाच लागेल.

पुढच्या वर्षी इकडेच ये बघ. रोश हशाना 12 सप्टेंबरला आणि 14 ला गणपती. मी नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा करीन. गव्हाचा चीक काढायला दोन माणसं लागतात, तेव्हा आधी येऊन हात लाव. मोदक तुझ्याकडे. आणि येताना चांगले मेजूल खजूर आण, इथे फार महाग पडतात.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
लिया