मेणासाठी म्हणून विकलेला नळ मेणातच टिकत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मेण वितळवण्याच्या भांड्याला लावायच्या अर्धा इंची नळाच्या संचातील धोकादायक दोष, आणि आपल्या प्रतिनिधीने दिलेला त्याहून धोकादायक सल्ला.

महोदय,

आपल्या कंपनीचा अर्धा इंची स्टीलचा नळ मी सांगलीतल्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरात छापले आहे : 'वितळलेल्या मेणासाठी, 120 अंश सेल्सिअसपर्यंत'. आमचे मेण कधी 85 अंशांच्या वर गेले नाही. तरीही नळाच्या बुडातून मेण झिरपले, भांड्यावरून ओघळत तापलेल्या हॉट प्लेटवर पडले आणि खोली धुराने भरली. स्विच बंद करून भांडे बाजूला ओढताना माझ्या जाऊबाईंच्या मनगटावर गरम मेण सांडले. फोड आता बरे झाले आहेत, पण हे पत्र केवळ पैसे परत मिळावेत म्हणून लिहीत नाही.

विश्रामबागेत घराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी मेणबत्त्या करतो. दिवाळीत तरंगत्या आणि पणतीच्या आकाराच्या, डिसेंबरात मिरजेहून नाताळसाठी लांब पांढऱ्या मेणबत्त्यांची मागणी असते. वितळवायला स्टीलचे झाकणाचे मोठे पातेले, खाली थर्मोस्टॅटची हॉट प्लेट आणि मेणात सोडलेला तापमापक, एवढेच साधन. इतकी वर्षे ओगराळ्याने साच्यात मेण ओतायचो. ओगराळ्यातले मेण साच्यापर्यंत जाईतो निवते, मग मेणबत्तीवर आडवे थर उमटतात, कडेला थेंब सांडतात, आणि तापलेल्या भांड्यावर सतत वाकून उभे राहावे लागते ते वेगळेच. खालून तोटी असली की साचा तिच्याखाली धरायचा आणि धार हवी तेवढी सोडायची. कचरा तळाशी राहतो, वरचे स्वच्छ मेण बाहेर येते. म्हणूनच आपला संच घेतला.

बसवण्यात काही कसूर राहिली असेल असे आपल्या माणसाने फोनवर सुचवले, म्हणून तेही सांगते. भोक कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 22 मिलिमीटरच्या होल सॉने पाडून घेतले, तळापासून दोन बोटे वर. कडा कानशीने घासून गुळगुळीत केली. आतून-बाहेरून आपलेच वायसर, आपलाच चेकनट, आट्यांवर टेफ्लॉन टेप. मग भांडे पाण्याने भरून रात्रभर ठेवले. सकाळी खाली ठेवलेला कागद कोरडा होता. म्हणजे पाण्यासाठी आपला नळ उत्तम आहे. मेण घातल्यावर पहिल्या घाण्याला काही झाले नाही, आणि पुढच्या काही घाण्यांत गळती सुरू झाली.

नळ उघडून पाहिला तेव्हा कारण हातात आले. आपण दिलेले वायसर साध्या काळ्या रबराचे आहेत. असे रबर गरम पॅराफिन, म्हणजे आमचे मेणबत्तीचे मेण, शोषून घेते, फुगते आणि मऊ पडते. पॅराफिन पेट्रोलियमपासून होते आणि तेला-मेणाच्या कामाला साधे रबर वापरू नये, हे कुठलाही पंपदुरुस्तीवाला सांगेल. काढलेला वायसर नव्या वायसरपेक्षा जाड आणि मोठा झाला आहे, बोटाने दाबला तर खळगा पडतो. त्या फॅब्रिकेशनवाल्यानेच मला टेफ्लॉनच्या पत्र्यातून दोन वायसर कापून दिले. टेफ्लॉन 260 अंशांपर्यंत टिकते आणि मेणाचा त्यावर काही परिणाम होत नाही. विटॉनचे, म्हणजे तेलात न फुगणाऱ्या खास रबराचे, वायसरही चालतात. तुमच्या नळाच्या किमतीपुढे या दोन चकत्यांचा खर्च किरकोळ आहे. तो वाचवण्यासाठी आपण ग्राहकाच्या घरात आगीला जागा करून दिली आहे. पॅराफिनची वाफ साधारण 200 अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते आणि पूर्ण तापलेली हॉट प्लेट त्याहून बरीच गरम असते. गळती नेमकी तिच्यावर होते, कारण भांड्याच्या खाली तीच असते.

दुसरा दोष नळाच्या मानेचा. भांडे आणि कॉक (नळ उघडबंद करायचा भाग) यांच्यामध्ये आपण चांगली बोटभर लांब स्टीलची निप्पल, म्हणजे जोडनळी, दिली आहे. आमचे पॅराफिन 60 अंशांच्या आसपास गोठते. भांड्यातले मेण तापलेले असते, पण या उघड्या मानेत ते थंडीतल्या सकाळी हां हां म्हणता घट्ट होते आणि बूच बसते. स्टेनलेस स्टील उष्णता फार कमी वाहून नेते. पितळ त्याच्या सहा-सातपट नेते. तेव्हा मान एक तर अगदी आखूड हवी, कॉक भांड्याला चिकटून बसेल इतकी, नाहीतर पितळेची हवी. (पितळेलाही मर्यादा आहे. मेणात स्टिअरिक ॲसिड (मेणबत्ती कडक आणि पांढरी व्हावी म्हणून घालतात ते) असेल तर ते पितळेला लागून हिरवट छटा येऊ शकते. पांढऱ्या मेणबत्त्या करणाऱ्यांना हे माहीत असलेले बरे, पण असे काही आपल्या माहितीपत्रकात शोधून सापडत नाही.) बुचाची खरी भीती अशी की कॉक उघडा करून वाट पाहत राहिले आणि बूच एकदम सुटले, तर मागचे सगळे गरम मेण भसकन बाहेर येते.

याच अडचणीसाठी मी आपल्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन केला. उत्तर मिळाले : 'मॅडम, लायटरने तोटी जरा शेकवा.' मेणाने भरलेल्या भांड्याला, मेणाचे थेंब लागलेल्या तोटीला, उघडी ज्योत लावायला आपली कंपनी ग्राहकाला सांगते! त्या ताईंवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे जे लिहून ठेवले असेल ते त्यांनी वाचले असावे. पण ज्याने ते लिहिले त्याने मेणाचे काम कधी केलेले नाही. तोटी गरम करायची तर गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे किंवा केस वाळवायच्या ड्रायरने वारा द्यावा. आम्ही आता तेच करतो.

नंतर वॉरंटीसाठी ईमेल केला. 'भांड्याला भोक पाडल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही', असे उत्तर आले. भोक पाडल्याशिवाय हा नळ भांड्याला बसतो कसा, हे कृपया कळवावे. आपल्याच खोक्यावर भोकाचा आकार छापलेला आहे. त्याच ईमेलमध्ये पुढे, 'आपला वापर व्यावसायिक असल्याने आपण ग्राहक ठरत नाही' असेही म्हटले आहे. हे चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. आम्ही दोघी स्वतःच्या हाताने काम करतो, नोकर नाही, कारखाना नाही. त्याच कायद्याचे कलम 84 सांगते की योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराचा इशारा वस्तूसोबत दिला नाही, तर झालेल्या इजेला उत्पादक जबाबदार राहतो. आपल्या खोक्यात एक घडीचा कागद आहे, इंग्रजीत आणि हिंदीत, तोही पाण्याच्या टाकीला नळ कसा लावावा याचा. मेण हा शब्द त्यात एकदाही नाही. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकायचे नाही, झाकण टाकून हवा तोडायची आणि वीज बंद करायची, एवढी एक ओळ तरी छापायला हवी होती. पाणी टाकले तर त्याची क्षणात वाफ होऊन पेटते मेण चहूकडे उडते. हे ज्याला ठाऊक नाही तो पहिल्यांदा बादलीकडेच धावेल.

कॉकच्या दांड्याला अडकण नाही हेही नोंदवते. पदर किंवा ओढणी अडकली तरी तो पाव फेरा फिरून नळ उघडतो.

माझी मागणी अशी. नळाची पूर्ण किंमत आणि दवाखान्याचा खर्च मला परत मिळावा. बाजारात असलेल्या संचांतील रबरी वायसर बदलून देण्याची जाहीर सूचना काढावी आणि तोवर खोक्यावरचा 'मेणासाठी' हा मजकूर झाकावा. नव्या संचात आखूड मान, टेफ्लॉनचे वायसर आणि अडकणीचा दांडा द्यावा. माहितीपत्रक मराठीतही छापावे, कारण सांगली-मिरजेत आणि आसपासच्या गावांत हे काम बचत गटांतल्या बायका करतात आणि आपला माल त्यांच्याच हाती जातो. लायटरचा सल्ला ग्राहक सेवेच्या उत्तरांतून आजच्या आज काढून टाकावा. याला पंधरा दिवसांचीही वाट पाहू नये.

बाकीच्या मुद्द्यांवर पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देईन असे समजू नये. फुगलेले वायसर, नळ आणि खोके मी जपून ठेवले आहे. आपला तंत्रज्ञ आला तर नवा काळा वायसर त्याच्यासमोर गरम मेणात बुडवून ठेवू आणि आधी व नंतर मोजून पाहू.

आपली,
एक ग्राहक
विश्रामबाग, सांगली

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही वायसरचे शेजारी ठेवून काढलेले फोटो, आपल्या ईमेलची प्रत, दवाखान्याची पावती.