अपस्माराची जोडीने दिली जाणारी औषधे : त्रासाचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपस्माराविषयी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते, ते मुख्यतः फीट आल्यावर रुग्णाला कसे सांभाळावे आणि या आजाराविषयीचे गैरसमज कसे दूर करावेत, एवढ्याभोवतीच फिरते. ते आवश्यक आहेच. परंतु निदान झाले, औषध सुरू झाले, एकाने भागले नाही म्हणून दुसरे आणि कधी तिसरेही जोडले गेले, त्यानंतर त्या माणसाचे रोजचे जगणे कसे होते, याविषयी फारच थोडे वाचायला मिळते. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून हा आजार आहे आणि त्याच्या औषधांची जबाबदारी घरात बरीचशी माझ्याकडे असते. त्या अनुभवातून आणि त्यानिमित्ताने झालेल्या वाचनातून एक गोष्ट मला आग्रहाने मांडावीशी वाटते. ज्यांना एकापेक्षा अधिक औषधे चालू आहेत, त्यांच्या फीट्सची जेवढी काटेकोर नोंद होते, तेवढीच काटेकोर नोंद औषधांच्या त्रासाचीही झाली पाहिजे आणि ती प्रत्येक तपासणीत डॉक्टरांसमोर आली पाहिजे.

जगभरात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले, तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फीटविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांची वाट अवघड असते. ग्लासगो येथील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने फीटमुक्त झाले, १४ टक्के दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने, आणि दोन औषधे एकत्र देऊन आजार आटोक्यात आला तो अवघ्या ३ टक्क्यांचा. यावरून जोडीने औषधे देणे व्यर्थ आहे, असा अर्थ कोणीही काढू नये. फीट पूर्ण थांबल्या नाहीत तरी त्या कमी होणे, त्यांचा जोर ओसरणे, पडून इजा होण्याचे प्रसंग टळणे, हे रुग्णाच्या दृष्टीने फार मोलाचे असते. मात्र लाभ जर अंशतःच असेल, तर त्यासाठी काय सोसावे लागते आहे हे पाहिल्यावाचून त्या लाभाचे मोजमाप पुरे होत नाही.

दोन औषधे एकत्र आली की त्यांचे त्रास नुसते एकात एक मिळवले जात नाहीत. औषधे एकमेकांचे वागणे बदलतात. लॅमोट्रिजिन घेणाऱ्याला व्हॅल्प्रोएट दिले की यकृतात लॅमोट्रिजिनचा निचरा मंदावतो, ते शरीरात साधारण दुप्पट काळ टिकते आणि तीच गोळी दुप्पट मात्रेसारखी वागू लागते. हात थरथरणे, अंगावर पुरळ उठणे, तोल जाणे हे त्रास मग वाढू शकतात. म्हणूनच व्हॅल्प्रोएट आधीपासून चालू असेल, तर लॅमोट्रिजिनची सुरुवात अगदी थोड्या मात्रेने, प्रौढांमध्ये बहुधा एक दिवसाआड २५ मिलिग्रॅमने केली जाते आणि मात्रा कित्येक आठवड्यांत हळूहळू वाढवली जाते. घरच्यांना हा उगाच लांबवलेला कारभार वाटतो. प्रत्यक्षात ती रुग्णाची सुरक्षितता असते. कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन यांचे काम नेमके उलट आहे. ती यकृतातील विकरांना (औषधांचा निचरा करणाऱ्या एन्झाइमांना) चेतवतात आणि जोडीच्या औषधाची रक्तातील पातळी खाली आणतात. येथे एक बाब सहसा कोणी समजावून सांगत नाही. असे चेतवणारे औषध बंद केले, तर राहिलेल्या औषधाची पातळी पुढच्या काही आठवड्यांत आपोआप वर चढू शकते. एक गोळी कमी झाली, आता बरे वाटेल, या अपेक्षेत असलेल्या कुटुंबाला त्याच काळात रुग्ण अधिक पेंगुळलेला दिसला, तर त्यांना त्याचा उलगडा होत नाही. असे घडू शकते हे आधी सांगितलेले असेल, तर ते घाबरून न जाता वेळेवर डॉक्टरांना कळवतील.

काही वेळा रक्तातील पातळी बदलत नाही, तरीही त्रास होतो, कारण दोन्ही औषधे मेंदूत एकाच ठिकाणी काम करतात. कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन या दोन्हींचा परिणाम चेतापेशींमधील सोडियमच्या मार्गिकांवर होतो. ती एकत्र घेतल्यावर गरगरणे आणि एकाचे दोन दिसणे ही तक्रार त्यामुळेच अनेकांकडून ऐकू येते. क्लोबाझम आणि फेनोबार्बिटोन यांची गुंगीही अशीच एकमेकींत मिसळते. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट यांच्या जोडीत काही रुग्णांच्या रक्तातील अमोनिया वाढतो. अशा वेळी रुग्ण सुस्तावतो, ओकाऱ्या होतात, बोलण्यात गोंधळ होतो आणि पाहणाऱ्याला ती नेहमीची झोपाळू स्थिती वाटण्याचा धोका असतो.

या सर्व त्रासांत वेळेचे महत्त्व फार मोठे आहे, आणि नोंदवहीचा खरा उपयोग इथेच होतो. ‘चक्कर येते’ एवढेच सांगितले, तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. चक्कर सकाळच्या गोळ्यांनंतर तासा-दोन तासांनी येते आणि दुपारपर्यंत ओसरते, असे लिहून नेले, तर औषध रक्तात सर्वाधिक असण्याच्या वेळेशी तिचा संबंध आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात येऊ शकते. मग एकूण मात्रा तीच ठेवून ती अधिक वेळांत विभागणे, हळूहळू विरघळणारी गोळी देणे, झोप आणणाऱ्या औषधाचा मोठा भाग रात्रीकडे नेणे, दोन गोळ्यांत काही अंतर ठेवणे, असे उपाय त्यांना करता येतात. भावाच्या बाबतीत सकाळचा दुहेरी दिसण्याचा त्रास अशाच एका बदलाने बराच कमी झाला. औषध एकही कमी करावे लागले नाही. हा बदल डॉक्टरांनीच केला, हे मुद्दाम सांगते, कारण प्रत्येक गोळी अशी विभागता येत नाही आणि काही गोळ्या तोडल्या किंवा कुटल्या, तर त्यातील औषध एकदम सुटते.

शरीराचे त्रास निदान दिसतात तरी. मनाचे त्रास अनेकदा रुग्णाच्या स्वभावाच्या खात्यावर टाकले जातात आणि मला याचे सर्वाधिक वाईट वाटते. लेव्हेटिरासेटम हे आज फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे आणि इतर औषधांत तुलनेने कमी ढवळाढवळ करणारे औषध आहे. म्हणूनच ते जोडीला देणे सोयीचे ठरते. परंतु काही जणांमध्ये त्याने चिडचिड, राग, उदासी, क्वचित जीव नकोसा वाटणे इथपर्यंत मजल जाते. पेरॅम्पॅनेलविषयीही अशीच सावधगिरी सांगितली जाते. टोपिरामेटने बोलताना नेमका शब्द सापडेनासा होतो, विचार मंदावतो; विद्यार्थ्याला किंवा ज्याचे कामच बोलण्याचे आहे अशा माणसाला हे किती लागत असेल! घरातले म्हणतात, ‘हल्ली फार उद्धट झाला आहे,’ शिक्षक म्हणतात, ‘लक्ष देत नाही,’ आणि तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो. माझा भाऊ डॉक्टरांसमोर नेहमी ‘मला काही त्रास नाही’ असेच सांगत असे, आणि ते खोटेही नव्हते. औषधाने झालेला बदल हळूहळू होत असल्यामुळे तो ज्याच्या आत होतो, त्यालाच तो जाणवत नाही. म्हणून नवे औषध सुरू होण्यापूर्वी आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत झोप, बोलणे, राग आणि उमेद यांविषयी घरातल्या दुसऱ्या माणसाचे म्हणणेही ऐकले जावे. जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

आता तपासणीच्या खोलीविषयी. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना प्रत्येक रुग्णामागे काही मिनिटेच मिळतात, याची मला जाणीव आहे आणि त्यांच्याविषयी कृतज्ञताही आहे. तरीही ‘फीट आली का?’ ‘नाही.’ ‘मग हेच चालू ठेवा,’ एवढ्यावर संवाद संपला, तर बरेच काही न बोललेले राहते. दुष्परिणामांसाठी १९ प्रश्नांची एक प्रश्नावली कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. रुग्ण बाहेर बसलेला असतानाच ती भरू शकतो. अशा पद्धतशीर विचारणेमुळे औषधांत योग्य ते फेरबदल होतात आणि त्रास कमी होतो, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत दिसून आले आहे. आपल्या भाषेत, सोप्या शब्दांत असा एक कागद प्रत्येक अपस्मार विभागात ठेवायला काय हरकत आहे? त्यासाठी ना यंत्र लागते, ना जादा माणूस.

दुसरा आग्रह असा, की जेव्हा नवे औषध जोडले जाते, तेव्हाच जुन्याचे पुढे काय करायचे, हे ठरावे आणि चिठ्ठीवर लिहिले जावे. नव्याचा गुण आला, तर जुने हळूहळू कमी करून पाहायचे आहे की दोन्ही चालू ठेवायची आहेत? नव्याचा गुण आला नाही, तर तेच काढायचे का? हे ठरलेले नसले की औषधे वाढत जातात आणि कोणते कशासाठी होते, हे कालांतराने कोणालाच सांगता येत नाही. मात्र येथे एका गोष्टीबद्दल यत्किंचितही गैरसमज नको. त्रास होतो म्हणून स्वतःहून गोळ्या बंद करणे किंवा अर्ध्यावर आणणे अत्यंत धोक्याचे आहे. अचानक औषध थांबल्याने एकामागोमाग एक फीट येत राहण्याची जीवघेणी अवस्था ओढवू शकते. याउलट, लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन सुरू झाल्यावर पुरळ उठले, विशेषतः सोबत ताप असला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे.

रक्ततपासणीवरही डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही. फेनिटोइनची मात्रा एका मर्यादेपलीकडे थोडीशी वाढवली, तरी रक्तातील पातळी एकदम उसळी घेते. आणि सोबत व्हॅल्प्रोएट असेल, तर एकूण पातळी ठीक दिसत असूनही प्रत्यक्ष काम करणारा, म्हणजे रक्तातील प्रथिनांना न चिकटलेला मोकळा अंश जास्त असू शकतो. अहवाल उत्तम आणि रुग्ण चालताना झोकांड्या खातो आहे, असे असेल, तर रुग्णाचे ऐकावे. कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन घेणाऱ्याला मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे असे काही जाणवू लागले, तर रक्तातील सोडियम तपासण्याविषयी विचारावे.

इतर आजारांसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची यादी सोबत असावी. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक कार्बामाझेपिनची पातळी वाढवते, तर मेरोपेनेम व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने खाली आणते. स्त्रियांनी तर अधिकच जागरूक राहावे. विकरे चेतवणाऱ्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी घटवतात आणि गरोदरपणात घेतलेले व्हॅल्प्रोएट बाळासाठी सर्वांत जोखमीच्या औषधांपैकी एक आहे. हे सारे गर्भधारणेपूर्वी सांगितले गेले पाहिजे, नंतर नव्हे.

शेवटचा मुद्दा चौथ्या आणि पाचव्या गोळीविषयी आहे. योग्य निवडलेली, सोसवणारी दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फीट थांबल्या नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार मानावा, अशी व्याख्या अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली केली. ही व्याख्या रुग्णाच्या बाजूची आहे. या टप्प्यावर निदान मुळात बरोबर आहे का, शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का, किटोजेनिक (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा) आहार किंवा चेतातंतूला उद्दीपन देणारे उपकरण योग्य ठरेल का, याची तपासणी सर्व सोयी असलेल्या अपस्मार केंद्रात व्हायला हवी. प्रत्यक्षात ही शिफारस पुष्कळदा वर्षानुवर्षे होतच नाही आणि तेवढ्या काळात रुग्ण शिकण्याची, नोकरीची उमेदीची वर्षे गुंगीत घालवतो. आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत अपस्मारतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावे आणि अशी तपासणी कोणी, केव्हा मागावी, याची माहिती वाचकांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक