पोलिसांची आठ तासांची ड्यूटी मर्जीवर नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोलिसांच्या कामाच्या तासांचा विषय निघाला की आपण 'बिचारे' म्हणून हळहळतो. फौजदारी न्यायालयात वकिली करताना मात्र मला त्याचे परिणाम थेट निकालपत्रांत दिसतात. पंचनाम्यावर वेळ सव्वाअकराची आणि स्टेशन डायरीत तोच अंमलदार त्याच वेळी भलतीकडे. मुद्देमालाच्या पाकिटावर लेबल आहे, पण पंचांच्या सह्याच नाहीत. उलटतपासात हवालदार सांगतात, "मॅडम, आदल्या रात्रीपासून बंदोबस्तालाच होतो." संशयाचा फायदा मिळायला आरोपीला एवढं पुरतं. फिर्यादी हात चोळत बसतो.

यावर उपाय नाही असं कुणी म्हणू नये. 2016 मध्ये मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला. विशेष म्हणजे, ही कल्पना एका पोलीस कर्मचाऱ्याचीच होती. जानेवारी 2022 मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांची ड्यूटी बारावरून आठ तासांवर आणण्याचा आदेशही निघाला. पण वरचे अधिकारी बदलले, सण किंवा निवडणुका आल्या, की पहिली गदा येते ती ड्यूटीच्या तासांवर आणि साप्ताहिक सुट्टीवर. तालुक्याच्या ठाण्यांत तर मुळात माणसंच कमी.

त्यात 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण विसर्जन मिरवणुकीत रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसाने सकाळी चित्रीकरण करायचं, पंचनामा लिहायचा, तो संगणकावर चढवायचा आणि साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्रही द्यायचं! मुदत चुकली तर आरोपी जामिनाचा हक्क मागतो आणि न्यायालयाला तो द्यावा लागतो.

गुन्ह्यांचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था या कामांसाठी वेगळे पोलीस असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 सालीच सांगितलं आहे. सुरुवात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून करायची होती. गृह विभागाने निदान तिथे तरी तपासावरच्या अंमलदारांना बंदोबस्तातून पूर्णपणे वगळावं. आठ तासांची ड्यूटी आणि रात्रीच्या बंदोबस्तानंतरची सक्तीची विश्रांती नियमावलीतच लिहावी. रिक्त पदं भरल्याशिवाय हे जमणार नाही, म्हणून भरतीचं वेळापत्रकही त्यासोबतच जाहीर करावं.

आपली,
एक वकील वाचक, कल्याण