आरोपीला आरोप तरी समजू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर बातमी होती, 'विहिरीवरच्या मोटारी चोरणारे तिघे जेरबंद'. खाली नेहमीची ओळ, 'पोलिसी खाक्या दाखवताच तिघांनी गुन्ह्याची कबुली दिली.' मी तालुका न्यायालयांत एकतीस वर्षे नोकरी करून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ही ओळ किती वेळा वाचली असेल याची गणती नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. ते का ठेवावे लागले, याचे उत्तर 'खाक्या' या शब्दातच आहे.

बातमी छापून आली त्याच दिवशी संध्याकाळी त्या तिघांपैकी एकाची आई माझ्या दारात आली. ऊसतोडीला जाणारी बाई. पदराच्या गाठीतून चौघडी घातलेला कागद काढला आणि म्हणाली, "भाऊ, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा. पोरगं कधी सुटंल?" कागद अटकेच्या कारणांचा होता. 'नमूद इसमाने संगनमताने लबाडीच्या इराद्याने', मग 'भा. न्या. सं. कलम ३०३(२), ३(५)' (म्हणजे भारतीय न्याय संहितेतली चोरीची आणि सामाईक इराद्याची कलमे), आणि खाली तिच्या मुलाचा अंगठा. मुलगा आठवीपर्यंत शिकलेला आहे, त्याला सही येते. अंगठा का घेतला, हे तिला ठाऊक नव्हते आणि मलाही कळले नाही.

कारणे लेखी देणे हा पोलिसांचा उपकार नव्हे. अटकेची कारणे कळण्याचा हक्क घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात पहिल्यापासून आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेही आपल्या मुंबईतल्या वरळीच्या मोटार अपघात प्रकरणात, स्पष्ट सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्या आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्या. त्या वेळी ती लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. हे न पाळल्यास अटकच बेकायदेशीर ठरते.

आता त्या बाईच्या हातातला कागद मराठीत होता, हे खरे. पण ती मराठी तिची नव्हती, तिच्या मुलाचीही नव्हती. 'तुझ्यावर मोटार चोरल्याचा आरोप आहे, तिघांनी मिळून चोरली असे म्हणणे आहे, जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते,' एवढे मी सांगितले तेव्हा तिने पहिल्यांदा खाली बसून पाणी घेतले. तोपर्यंत तिला वाटत होते की पोराला जन्मठेप होणार. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी आणि अटक करायचीच तर ती का गरजेची आहे ते लिहून ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयात अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ सालीच ठरले आहे. मला तिने दाखवलेल्या कागदांत तसे कारण कुठे दिसले नाही.

न्यायालयातही हेच घडताना मी पाहिले आहे. आरोप निश्चित करताना तो आरोपीला वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि मग विचारायचे, 'गुन्हा कबूल आहे का?' एकदा केबलचोरीच्या प्रकरणात एक मजूर टोपी हातात धरून उभा होता. प्रश्न आला, तो पटकन म्हणाला, "व्हय साहेब." न्यायाधीश थांबले. लेखणी खाली ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे केबल तू चोरलीस?" तो दचकला. "न्हाई साहेब, म्या कशाला चोरू?" आरोप समजला का, असेच आपल्याला विचारले, असे त्याला वाटले होते. तो मजूर पुढे निर्दोष सुटला. त्या दिवशी बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणे होती. दुसऱ्यांदा विचारायला वेळ नसता, तर 'व्हय साहेब'ची नोंद तशीच झाली असती.

किरकोळ प्रकरणात तर व्हरांड्यातच सल्ला मिळतो, 'कबूल करून टाक, दंड भर, आजच घरी जाशील. नाहीतर तारखा खात बसशील.' भांडणाच्या गुन्ह्यात असाच दंड भरून मोकळा झालेला एक पोरगा तीन वर्षांनी माझ्याकडे नक्कल मागायला आला होता. पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्हीत पास झाला होता, चारित्र्य पडताळणीत अडकला. दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

हे सगळे छोट्या गुन्ह्यांत घडते म्हणून सोडून देता येत नाही. अंकुश मारुती शिंदे आणि इतर पाच जण, सगळे भटक्या जमातीतले, महाराष्ट्रातलेच. २००३ च्या गुन्ह्यात त्यांना फाशी ठोठावली गेली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. आयुष्यातली सोळा वर्षे गेली.

त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयात नेले. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानेच तशी सोय केली आहे. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांकही आहे. तिने मात्र तोपर्यंत 'ओळख' असलेल्या एकाला सात हजार रुपये देऊन टाकले होते, मुकादमाकडून उचल घेऊन.

म्हणून विनंती अशी, की यापुढे अटकेची बातमी छापताना 'चोरटे' न लिहिता 'संशयित' लिहा आणि कबुलीची ओळ गाळा. बातमीखाली १५१०० हा क्रमांक छापा, एका ओळीपुरती जागा लागेल. आणि या तिघांच्या खटल्याचा निकाल लागेल तेव्हा, तो कोणत्याही बाजूने लागो, त्याच पानावर तेवढ्याच मथळ्यात द्या. निकालाची तारीख मी स्वतः कळवीन.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
जि. बीड