आई, पथ्यांची यादी आता पुरे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "टोमॅटो बंद केले, बटाटा बंद केला, दूधही सोडलं. आता गोळीसुद्धा हळूहळू बंद करीन म्हणते." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई, आधी गोळीचं. तुझा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा संधिवात म्हणजे वयोमानानं होणारी झीज नव्हे. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, आणि सूज तशीच राहिली तर हाड कुरतडलं जातं. सकाळी तास-तासभर तुझी बोटं वळत नाहीत ती यामुळेच. ही सूज आवरण्याचं काम तुझी आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेटची गोळी करते. योग्य आहारानं दुखणं थोडं हलकं होईल, पण औषधाची जागा तो घेऊ शकत नाही. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील. रक्ततपासणीही चुकवू नकोस.

टोमॅटो-बटाट्यानं हा आजार बळावतो याला भक्कम पुरावा नाही. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतोच असं दिसलं, तर तेवढा एक टाळ. पण एकेक करत सगळंच सोडलंस तर वजनाबरोबर स्नायूही जातील, आणि या आजारात ते आधीच झिजत असतात. दूध सोडलेलं तर मला मुळीच पटलं नाही. मध्यंतरी तुला स्टिरॉइड घ्यावं लागलं होतं. त्यानं हाडं ठिसूळ होतात, मग कॅल्शियम कुठून मिळणार?

सोडण्यापेक्षा वाढवायचं काय ते बघ. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२२ मध्ये भूमध्य सागरी पद्धतीचा आहार सुचवला: भरपूर भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, ऑलिव्ह तेल, मासे. बाकी कुठल्याच खास आहाराची शिफारस त्यांनी केली नाही. या आजारात हृदयविकाराचा धोकाही वाढतो, तिथेही हेच खाणं उपयोगी पडतं. तेलकट माशांतल्या ओमेगा-३ नं काहींचा सकाळचा ताठरपणा थोडा कमी होतो, पण त्याला महिने लागतात. त्याची कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

त्याच सूचनांमध्ये सर्वांत ठामपणे सांगितलाय तो व्यायाम. "हात दुखतो म्हणून हलवत नाही" हे तुझं नेहमीचं. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. हात ताणण्याचे आणि ताकदीचे व्यायाम शिकवलेल्यांचे हात वर्षभरानं जास्त चांगले चालत होते, आणि त्यांचं दुखणं वाढलं नव्हतं. सांधा गरम होऊन सुजला असेल त्या दिवशी बेतानं कर, एरवी रोज. सकाळी आधी कोमट पाण्यात हात ठेव, मग बोटं एकेक करून उघड-मीट.

नळ फिरवताना तू बोटं न लावता तळव्याच्या कडेनं ढकलतेस ना, ते अगदी बरोबर आहे. तसंच बाकीचंही कर. पातेलं दोन्ही तळव्यांवर तोल घेऊन उचल, पिशवी बोटांत न अडकवता खांद्याला लाव, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड कर.

बाबा, तुमच्याकडे दोन मागण्या. घट्ट झाकणं तुम्ही उघडा, पण "तू बस, मी करतो" म्हणून तिचं प्रत्येक काम हातातून काढून घेऊ नका. तिला हालचाल हवी आहे. संध्याकाळी दोघं चालायला जा. दुसरी, सिगारेट. ओढणाऱ्यांना हा आजार जास्त होतो आणि औषधही कमी लागू पडतं. आईनं कधी ओढली नाही, पण हा आजार फुप्फुसांनाही धरू शकतो. तो धूर तिच्या छातीत जाऊ नये असं मला फार वाटतं, आणि तुमच्याही.

आई, सकाळी ताठरपणा किती वेळ राहतो ते रोज वहीत लिहून ठेव. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला मी येतेच आहे, तेव्हा ती वही त्यांना दाखवू. दूध मात्र आजपासूनच सुरू कर.

तुमची लेक